अर्धशिशी : गोळी कोणती, कधी आणि किती?



डोकं एका बाजूने ठणकतं, उजेड नको वाटतो, भांड्याचा आवाजही सहन होत नाही, मळमळतं. वस्तीत याला कुणी ‘पित्त चढलं’ म्हणतं, कुणी ‘ऊन लागलं’, तर कुणी ‘नजर लागली’ म्हणून अंगारा लावतं. बहुतेक वेळा हे दुखणं अर्धशिशीचं, म्हणजे मायग्रेनचं असतं. हा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा आजार आहे. तो बऱ्याचदा घराण्यात असतो. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो आणि पाळीच्या दिवसांत वाढतो. अंधारात पडून राहणारी सून ढोंग करत नसते, हे घरातल्यांनी आधी समजून घ्यावं.

‘पित्त पडलं की डोकं उतरतं’ असं आपण म्हणतो. खरं तर पित्तामुळे डोकं दुखत नाही. मळमळ आणि उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे. झटका आला की जठराचं काम मंदावतं. उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि मग आपण म्हणतो, ‘मला कोणतीच गोळी लागू पडत नाही.’

गोळी लवकर आणि पुरेशी घ्या

‘बघू, सहन होतंय तोवर’ म्हणत थांबू नका. दुखणं सुरू होताच, दोन घास खाऊन गोळी घ्या. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या किंवा आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅमची एक गोळी लागते. अर्धी गोळी तोडून घेण्याने काही होत नाही. जठरात जखम, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, डेंग्यूची शंका किंवा वेदनाशामकाने दमा उसळत असेल, तर आयबुप्रोफेन नको. यकृताचा आजार किंवा दारूचं व्यसन असेल, तर पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मळमळ जास्त असेल तर डॉक्टर सोबत उलटी थांबवणारी गोळी देतात. त्यामुळे वेदनाशामकही लवकर लागू पडतं.

दोन-तीन झटक्यांत नीट घेऊनही उपयोग झाला नाही, तर खास अर्धशिशीवरची सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही औषधं आहेत. हृदयविकार, अर्धांगवायू किंवा आटोक्यात नसलेलं ब्लडप्रेशर असणाऱ्यांना ती चालत नाहीत, म्हणून चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मेडिकलवाला ‘डोकेदुखीची’ म्हणून देतो त्यातल्या काही गोळ्यांत अर्गोटामिन असतं. ते गरोदर बाईने मुळीच घेऊ नये. पाकिटावरचं नाव कुणाकडून तरी वाचून घ्या.

गोळीनेच डोकं दुखतं तेव्हा

वस्त्यांमधून फिरताना आम्हाला सर्वांत जास्त हेच दिसतं. किराणा दुकानातून रोज एक गोळी आणायची, ती खाऊन कामावर जायचं, दुसऱ्या दिवशी डोकं पुन्हा तयार. साधं वेदनाशामक महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या, ट्रिप्टान किंवा अर्गोटामिन 10 किंवा जास्त दिवस असं तीन महिने चाललं, तर औषधच रोजची डोकेदुखी निर्माण करतं. म्हणून आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी नको. ही सवय सोडताना काही दिवस दुखणं वाढतं, मग उतरतं. डॉक्टरांच्या मदतीने सोडा.

झटका येऊच नये म्हणून

महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं मिळतात : प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन. कोणतं कुणाला, हे डॉक्टर ठरवतात. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल नको, हे आपण स्वतःहून सांगावं. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या. कोणत्या तारखेला दुखलं, किती वेळ, आधी काय खाल्लं, झोप किती, पाळी कधी, गोळी कोणती, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा किंवा कॅलेंडरवर फुली मारा. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड बायांना पहाटेची अर्धी झोप आणि ऊन, नागापूरच्या एमआयडीसीत रात्रपाळी, घरकाम करणाऱ्यांना उपाशीपोटी पहिली दोन घरं. प्रत्येकीचं कारण वहीतून कळतं. वर्षावासात अष्टशील पाळणाऱ्या उपासिकांनी दुपारी बाराच्या आत पोटभर जेवावं, नंतर भरपूर पाणी प्यावं. तरीही झटका येत असेल तर भंतेजींना सांगून विकाल भोजनाचा नियम सैल करावा.

ताबडतोब दवाखान्यात

आयुष्यात पहिल्यांदाच क्षणात आलेली भयंकर डोकेदुखी, सोबत ताप आणि मान ताठ, हातपाय लुळे, बोबडं बोलणं, फिट, डोक्याला मार, गरोदरपणात डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं : यात घरची गोळी नको. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकत असतील, तर गर्भनिरोधक गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. काही गोळ्यांनी अर्धांगवायूचा धोका वाढतो.

प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, नगरचं जिल्हा रुग्णालय या क्रमाने जा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बाहेरून औषध घ्यावं लागलं तर जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळतं का, ते आधी विचारा. विचारणं हा आपला हक्क आहे.