गर्भपात : क्रियापदाचा कर्ता कोण?

'पडणे' आणि 'पाडणे' या क्रियापदांतील भेद व्याकरणाच्या अगदी आरंभीच्या पाठांत शिकविला जातो. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. पहिल्यात घटना घडते, दुसऱ्यात ती कोणीतरी घडवितो. 'पोट पडले' आणि 'पोट पाडले' यांत बोलीभाषा म्हणूनच कधी गल्लत करीत नाही. परंतु याच अर्थाचे संस्कृत नाम योजले की हा भेद लोपतो. 'गर्भपात' हा शब्द आपोआप झालेल्या घटनेस आणि वैद्याकडून करवून घेतलेल्या क्रियेस सारखाच लागतो. अर्थनिश्चितीचा सारा भार 'होणे' आणि 'करणे' या पुढील क्रियापदांवर पडतो. प्राचीन परिभाषेत तर या शब्दाचे क्षेत्र निराळेच होते. सुश्रुतसंहितेप्रमाणे चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो 'स्राव', पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर 'पात'. धर्मशास्त्रकारांनीही आशौचाच्या निर्णयाकरिता हाच भेद स्वीकारला. म्हणजे मुळात हा भेद काळाचा होता, कर्तृत्वाचा नव्हे.

ही चर्चा केवळ पांडित्यापुरती नाही. जिला दिवस गेले आहेत आणि गर्भ ठेवावा की न ठेवावा असा प्रश्न जिच्यापुढे आहे, तिला आपले मार्ग प्रथम शब्दांतूनच कळतात. या बाबतीत सर्वांत अधिक घोटाळा 'भ्रूणहत्या' या शब्दाने केला आहे, असे मला वाटते. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायद्याने बंधन घातले. त्यासाठी झालेला प्रचार अत्यंत आवश्यक होता. परंतु त्या कायद्याचा रोख लिंगनिदानावर व लिंगनिवडीवर आहे, गर्भपातावर नाही. भिंतींवरील घोषणांतला 'हत्या' हा शब्द मात्र सरसकट सर्व गर्भपातांस चिकटला, आणि गर्भपात हा गुन्हाच आहे अशी समजूत सुशिक्षितांतही आढळू लागली.

वस्तुस्थिती अशी की, १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात घडविणे हा अपराध ठरविला होता, व २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेतही तो अपराध कायम आहे. त्यास मोठा अपवाद १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने केला. १९६४ मध्ये नेमलेल्या शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींवर आधारलेला हा कायदा १९७२ च्या एप्रिलात अमलात आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरेसे होते. २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांची मते लागतात, व ही मुभा नियमांत सांगितलेल्या स्त्रियांपुरतीच आहे : बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणातच वैधव्य वा घटस्फोट आलेल्या इत्यादी. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास २४ आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही. तसेच स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी गर्भपात तत्काळ आवश्यक असेल तेव्हाही ती आड येत नाही.

येथे 'आठवडे' या शब्दाविषयी थोडे थांबले पाहिजे. वैद्यक ही गणना गर्भधारणेपासून करीत नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करते. ज्या स्त्रीची पाळी नियमित आहे व जी 'पाळी चुकून दोनच आठवडे झाले' असे म्हणते, ती डॉक्टरच्या हिशेबाने सहा आठवड्यांची गर्भवती असते. तिच्या बोलण्यातील काळ आणि कागदावरील काळ यांत असे महिन्याचे अंतर पडते, आणि मार्ग तर काळावरच अवलंबून आहेत. ९ आठवड्यांपर्यंत मिफेप्रिस्टोन व त्यानंतर मिसोप्रोस्टोल ही औषधे डॉक्टरच्या देखरेखीखाली घेता येतात. मात्र गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत तर नाही ना, हे आधी पाहावे लागते. त्यापुढे, साधारणतः १२ आठवड्यांपर्यंत, निर्वात शोषणाची पद्धत वापरतात. बोलीत 'पिशवी साफ करणे' म्हणतात ते याच जातीचे. विचारास वेळ हवा हे खरे. पण तो वेळ मोजताना कोणाचे पंचांग धरावे, हे माहीत असलेले बरे.

गर्भ ठेवण्याचा निर्णय हाही तितकाच निर्णय होय. २००९ मध्ये चंडीगढच्या एका मतिमंद स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीवाचून गर्भपात करण्यास नकार दिला. तिला मूल हवे होते. ज्या स्त्रीस मूल जन्मास घालावयाचे आहे पण वाढविणे शक्य नाही, तिला २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार ते बालकल्याण समितीच्या स्वाधीन करता येते, व त्यानंतर फेरविचारास दोन महिने मिळतात. हा मार्ग आपल्याकडे सर्वस्वी नवा नाही. १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेथे विधवांना गुप्तपणे बाळंत होऊन मूल ठेवून जाण्याची सोय होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९७१ च्या कायद्याची वाक्यरचना पाहिली तर मुख्य कर्ता डॉक्टर आहे. त्याने सद्भावनेने मत बनवावयाचे, त्याने गर्भपात करावयाचा, आणि संरक्षणही त्यालाच. स्त्रीच्या वाट्यास येते ती 'संमती'. हा शब्द दुसऱ्याच्या प्रस्तावास दिलेला होकार सुचवितो. 'निर्णय' या शब्दातील स्वयंप्रेरणा त्यात नाही. असे असले तरी या संमतीचे मोल कमी लेखू नये. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्यास पुरते. नवऱ्याची, सासूची वा आईवडिलांची सही तो मागत नाही. अल्पवयीन अथवा मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीतच पालकाची लेखी संमती लागते. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी 'मिस्टरांना घेऊन या' असे सांगितले जाते. २०२२ च्या २९ सप्टेंबरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्याबाहेरील अटी घालू नयेत असे बजावले, अविवाहित स्त्रीसही २० ते २४ आठवड्यांची मुभा दिली, आणि अंतिम निर्णय त्या स्त्रीचाच असे स्पष्ट म्हटले. तत्पूर्वी २०२१ च्या दुरुस्तीने संततिनियमनाचे साधन फसल्याच्या कारणासंबंधीच्या तरतुदीतील 'विवाहित स्त्री' व 'तिचा पती' हे शब्द काढून 'स्त्री' व 'तिचा जोडीदार' हे शब्द घातले होते. एवढ्याशा शब्दबदलाने किती स्त्रिया तरतुदीच्या कक्षेत आल्या, हे वेगळे सांगावयास नको.

'सी' नमुन्याचे संमतिपत्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यात स्त्री प्रथमपुरुषी बोलते. तिची ओळख अजूनही 'अमुकाची मुलगी' किंवा 'अमुकाची पत्नी' अशी लिहावी लागते. पण 'देते' या क्रियापदाची कर्ती तीच असते, आणि तिची सही झाल्यावाचून डॉक्टरला पुढील क्रिया करता येत नाही.