पाठीच्या कण्यातला दुर्मिळ पाहुणा : कॉर्डोमा



पाठदुखी आम्हा संगणकवाल्यांच्या पाचवीलाच पुजलेली! रिचमंड हिलच्या थंडीत बर्फ उपसला की उरलीसुरली कसर भरून निघते. शंभरातल्या बहुतेक पाठदुख्या काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. आज मात्र एका अगदी वेगळ्या आजाराची ओळख करून घेऊ. आम्ही पेशाने इंजिनियर, डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगतो.

मणक्यात आढळणाऱ्या कॅन्सरच्या गाठी बहुतेक वेळा स्तन, फुफ्फुस, प्रोस्टेट अशा दुसऱ्या अवयवांतून आलेल्या असतात. मणक्यातच जन्मणारी गाठ फार विरळा. त्यातलीच एक कॉर्डोमा. वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला ती होते.

आईच्या पोटात गर्भाचा कणा घडताना पृष्ठरज्जू नावाची एक दोरी आधाराला असते. (शाळेत शिकलेला मेरुरज्जू तो वेगळा!) कणा तयार झाला की ती विरते, पण तिच्या काही पेशी मागे राहतात. क्वचित कधीतरी, बहुधा पन्नाशी-साठीत, त्या वाढू लागतात. निम्म्याच्या आसपास गाठी माकडहाडाजवळ, बऱ्याचशा कवटीच्या तळाशी आणि उरलेल्या मधल्या मणक्यांत होतात. गाठ भिजवलेल्या साबुदाण्यासारखी बुळबुळीत. सूक्ष्मदर्शकाखाली बुडबुड्यांनी भरलेल्या पेशी दिसतात. १८५७ साली फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले. आता ब्रॅक्युरी नावाच्या प्रथिनाच्या तपासणीने निदान पक्के होते.

ही गाठ वाढते सावकाश, पण शेजारचे हाड पोखरत जाते, नसांवर दाब आणते. पुढे फुफ्फुस, यकृत, इतर हाडे इथेही पसरू शकते. शस्त्रक्रियेत गाठ फुटली तर पेशी सांडून ती तिथेच पुन्हा उगवते. म्हणून पहिली शस्त्रक्रियाच सर्वांत महत्त्वाची : गाठ न फोडता, अखंड काढायची. बायॉप्सीची सुईसुद्धा कुठून घालायची हे त्याच सर्जनच्या सल्ल्याने ठरावे, कारण सुईच्या वाटेवरही पेशी सांडू शकतात. गाठ दिसली की घाईने कुठेही कापाकापी करू नका. टोरांटोत माउंट सायनाय आणि प्रिन्सेस मार्गारेट इथे अशा गाठींचे तज्ज्ञ आहेत. शस्त्रक्रियेनंतर अनेकदा प्रोटॉन किरणोपचार देतात. खारघरला टाटा स्मारकाच्या केंद्रात ही सोय २०२३ पासून आहे. आई-बाबा भारतात असतील तर लक्षात ठेवा.

केव्हा सावध व्हायचे? आडवे पडूनही न थांबणारी, रात्री झोपमोड करणारी, महिनोन्‌महिने वाढत जाणारी दुखणी फॅमिली डॉक्टरांना स्पष्ट सांगा, एमआरआयबद्दल विचारा. लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातले बळ गेले, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा.

फोनवर आई "जरा कंबर धरलीय" म्हणाली, तर एवढेच विचारा : "रात्री झोप लागते ना?"

काळजी घ्या, मंडळी!