गल्लीतल्या माणसाला मत

कुरुंदवाडकरांनी 2 डिसेंबर 2025 रोजी आपल्या नगरपरिषदेसाठी मतदान केलं. त्याआधीचं मतदान होतं नोव्हेंबर 2016 मधलं. मधल्या काळात या गावाने दोनदा खासदार आणि दोनदा आमदार निवडले. म्हणजे 2017 साली अठरा वर्षांचा झालेला मुलगा दिल्लीला कोण जावं, मुंबईला कोण जावं हे सांगून मोकळा झाला होता. पण आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडायला त्याला सव्वीस वर्षांचं व्हावं लागलं.

हा उशीर गावाने केलेला नव्हता. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद सर्वोच्च न्यायालयात होते. 2016 मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपली आणि पालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. अखेर 6 मे 2025 रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्यभरातल्या रखडलेल्या पालिकांची वाट मोकळी झाली.

कुरुंदवाडसारख्या पंचगंगेकाठच्या गावात या खंडाचा अर्थ वेगळा असतो. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं आणि शिवारातून गावात येतं. 2019 आणि 2021 च्या महापुरांत गावाला हाक मारायला नगरसेवक तरी होते. जुलै 2024 मध्ये पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासक काम करत नाही असं नाही. पण जनावरं कुठे हलवायची, पंचनाम्यात कुणाचं घर राहून गेलं, हे रात्री दार वाजवून ज्याला विचारता येतं तो माणूस मतदाराने निवडलेला असावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

म्हणून पालिकेचं मत सर्वांत अवघड. लोकसभेचा उमेदवार फलकावर दिसतो. इथला उमेदवार दळणाच्या रांगेत भेटतो. कुरुंदवाडमध्ये मशिदींत गणपती बसवण्याची परंपरा आहे. अशा गावात मंडळाचा कार्यकर्ता, शेजारी आणि उमेदवार ही तिन्ही नाती एकाच माणसाशी असू शकतात. ‘काकू, लक्ष असू द्या’ म्हणत तो हात जोडतो, आणि काकूंना त्याच्या आजोबांपासूनचा सगळा हिशेब ठाऊक असतो. नाही म्हणायचं ते यंत्रासमोरच, एकटीने.

यंत्रासमोरही एका बटणावर भागत नाही. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा आणि प्रभागातून दोन सदस्य, म्हणजे एका मतदाराची तीन मतं. नगराध्यक्ष एका बाजूचा आणि सदस्य दुसऱ्या बाजूचे, अशी निवडही करता येते. कुणीच पसंत नसेल तर ‘नोटा’ आहे. लोकसभेला दिसते तशी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मात्र इथे नसते. थेट नगराध्यक्षाची पद्धत 2020 मध्ये रद्द झाली होती, 2022 मध्ये परत आली. सरकार बदललं की मतदाराच्या हातातलं एक मत जातं किंवा येतं, हे बरं नाही.

यंत्रावरची नावं मात्र आधीच ठरलेली असतात. तिकीट कुणाला, आघाडी कुणाशी, याच्या बैठका मतदाराला न विचारता होतात. अमेरिकेत पक्षाचा उमेदवारही मतदार निवडतात. त्यासाठी आधी वेगळं मतदान होतं. काँग्रेसने 2014 च्या लोकसभेआधी मोजक्या मतदारसंघांत असा प्रयोग केला होता. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. मत होतं ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना, सर्वसामान्य मतदाराला नव्हे. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या आणि प्रयोग तिथेच थांबला. कुरुंदवाडएवढ्या गावात तो खरं तर सोपा जाईल. इथे कोण कामाचा, हे उमेदवारी ठरवणाऱ्यांपेक्षा गल्लीला जास्त कळतं.

मतमोजणी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, 3 डिसेंबरला व्हायची होती. काही ठिकाणचं मतदान पुढे गेल्यामुळे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी 21 डिसेंबरवर नेली. बोटावरची शाई फिकट होऊ लागली तरी निकाल यंत्रांत बंदच होता.

राज्यघटनेच्या कलम 243-यू नुसार नगरपरिषदेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षांची, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण व्हायला हवी. म्हणजे नव्या सभागृहाच्या पहिल्या सभेची तारीख कळली की पुढचं मतदान केव्हाच्या आत व्हायला हवं, हे कुरुंदवाडच्या कुठल्याही मतदाराला घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवता येईल.