मेस्त्र्यांच्या गावची सिनेमाची जत्रा

कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘किफ’. भरवते कोण, तर कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी. देशोदेशीचे सिनेमे बघायला आलेल्या पाहुण्यानं आधी या नावापाशीच थांबावं. ‘पेंटर’ हे मूळ आडनावच नव्हे! घरचं आडनाव मेस्त्री. पडदे रंगवता रंगवता पेंटर चिकटलं ते कायमचं.

बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिला आणि दोघांना सिनेमाचं खूळ लागलं. विलायती कॅमेरा परवडेना, मग घरीच करू की! १९१६ मध्ये आनंदराव गेले, पण बाबूरावांनी नाद सोडला नाही. १९१८ च्या सुमारास घरचा कॅमेरा तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी पैसा दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेनं. (सावकारानं नव्हे. १९२५ मध्ये याच कंपनीनं ‘सावकारी पाश’ काढला. त्यातला तरुण शेतकरी होता व्ही. शांताराम.)

१९२० च्या ‘सैरंध्री’त कीचकवध इतका हुबेहूब, की प्रेक्षक घाबरले आणि प्रसंगाला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. ‘सिंहगड’ला तर एवढी झुंबड, की सरकारला करमणूक कर सुचला तो ती गर्दी बघूनच, असं सांगतात. आता तिकिटावरच्या कराचा राग कोल्हापूरकरांवर काढू नका!

१९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी निघाली तीही इथंच. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) कोल्हापुरातलाच. प्रभात पुण्याला गेली ती त्यानंतर, १९३३ मध्ये. पुणेकर हे सांगताना जरा घाईत असतात.

भालजी पेंढारकरांच्या १९४६ च्या ‘वाल्मीकी’तली गंमत निराळीच. वाल्मीकी झाले पृथ्वीराज कपूर आणि नारद कोण? त्यांचा मुलगा, राज कपूर! वडिलांना उपदेश करायची अशी संधी कुठल्या पोराला मिळते?

पुतळे तर कुठल्याही गावात असतात. कोल्हापुरात खरी कॉर्नरला चक्क कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. दोन खेळांच्या मध्ये रिक्षा करून बघून या. मिसळ वाटेत मिळेलच.