वाशीमचं मिशन आणि ‘पाचारण’

अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव करत एसटी वाशीमला पोचते. या भागात ‘मिशनचा दवाखाना’ म्हटलं की रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. नाझरीन चर्चच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी ते १९३८ साली जुन्या शाळेच्या इमारतीत सुरू केलं. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं.

त्यांच्यासारखं परदेशात जाऊन सेवा करावी ही आतली ओढ म्हणजे ख्रिस्ती मंडळींच्या भाषेत पाचारण. हल्ली पाश्चात्त्य देशांतली अनेक तरुण मुलं उन्हाळी सुट्टीत काही आठवड्यांसाठी अशा सेवेला निघतात. पण नुसतं वाटून भागत नाही: चर्चची माणसं पारखून घेतात, प्रवासखर्चाची वर्गणी जमवावी लागते. शिवाय भारतात पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, आणि मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा असतो.

थोड्या दिवसांची फेरी आयुष्यभराची कशी होते, याचं ठळक उदाहरण आयडा स्कडर. मिशनरी व्हायचं नाही असं ठरवलेली ही मुलगी आजारी आईला मदत करायला तमिळनाडूतल्या तिंडिवनमला आली. एका रात्री तीन घरांतून बोलावणं आलं. बायको अडलेली, पण पुरुष डॉक्टर नको. आयडा डॉक्टर नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही बाळंतिणी गेल्या. १८९९ साली ती डॉक्टर झाली, आणि पुढे वेल्लोरचं रुग्णालय उभं राहिलं.

काही आठवड्यांसाठी येणाऱ्या हौशी पाहुण्यांवर टीकाही होते, आणि ती रास्त आहे. चार आठवड्यांत भिंत रंगवून होते. मराठी बोलून रुग्णाचं दुखणं समजून घ्यायला वर्षं लागतात.