आधी बर्फ मोजा, मग गळ टाका

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला अप्पर रेड लेक नावाचं सरोवर आहे. विस्ताराने अफाट, पण उथळ. त्यामुळे राज्यातल्या इतर मोठ्या सरोवरांच्या आधी ते गोठतं आणि हंगामातला पहिला वॉलआय मासा आपल्याच गळाला लागावा म्हणून हौशी मंडळी नोव्हेंबर सरायच्या आत तिथे गर्दी करतात. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथला बर्फाचा एक प्रचंड तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि सुमारे २०० जण मधल्या पाण्यामुळे अडकून पडले. सगळे वाचले. पुढच्याच वर्षी, डिसेंबरअखेर, त्याच सरोवरावर पुन्हा तोच प्रकार झाला. या वेळी शंभरावर माणसं बाहेर काढावी लागली.

थोडक्यात, गोठलेल्या सरोवरावरच्या मासेमारीच्या सहलीची तारीख कॅलेंडर ठरवत नाही, बर्फ ठरवतो.

पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. थंडी सुरू झाली की वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि खालचं वर येतं. सगळं सरोवर ४ अंशांवर आलं की हा फेरा थांबतो. त्याहून गार झालेलं पाणी हलकं असल्याने वरच राहतं आणि गोठतं. तळाशी मात्र जवळपास ४ अंशांचं पाणी टिकून राहतं आणि मासे त्यात हिवाळा काढतात.

बर्फ जाड होण्याचं गणित एकोणिसाव्या शतकात योझेफ स्टेफान या भौतिकशास्त्रज्ञाने मांडलं. पाणी गोठताना बाहेर पडणारी उष्णता बर्फाच्या थरातूनच वर निसटते, म्हणजे थर जसा वाढतो तशी त्याची स्वतःचीच आडकाठी वाढते. जाडी दुप्पट व्हायची तर थंडीची मात्रा साधारण चौपट लागते. त्यात वरून भुसभुशीत हिम पडलं की ते दुलईचं काम करतं आणि खालची वाढ मंदावते. सगळीकडे पांढरंशुभ्र झालं की नवख्याला वाटतं, आता बर्फ पक्का झाला. खरं तर शंका घ्यायची वेळ तीच.

मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याचे आकडे म्हणूनच पाठ असावेत. पायी जायला किमान ४ इंच, स्नोमोबिलला ५ ते ७, छोट्या मोटारीला ९ ते १०. हे आकडे नव्या, पारदर्शक बर्फाचे. हिम मिसळून गोठलेला दुधाळ बर्फ असेल, तर जाडी दुप्पट हवी. कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो, हेही खातंच बजावतं. सराईत माणूस हातात पहार घेऊन निघतो. दर काही पावलांवर पुढे घाव घालायचा, पहार आरपार गेली की आल्या पावली मागे फिरायचं. पुढे गेल्यावर गिरमिटाने भोक पाडून टेपने जाडी मोजायची. एकाच भोकावर भरवसा नाही, कारण झरा किंवा ओढा मिळतो तिथे शंभर पावलांत बर्फ निम्म्यावर येऊ शकतो.

मग येतो मासा. थंड पाण्यात त्याचं पचन मंदावतं, तो भक्ष्यामागे धावत नाही. म्हणून आमिष लहान आणि हात सावकाश. वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परावर्तित करणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात तो शिकार करतो. त्याच्यासाठी संध्याकाळ राखून ठेवावी, पर्च दिवसाही लागतो. सुरुवातीला मासे पाणवनस्पतींच्या आसपास सापडतात. हिमाने उजेड अडला की वनस्पती कुजू लागतात, ऑक्सिजन घटतो आणि माशांची पांगापांग होते. बर्बट हा मासा मात्र अजब. भर हिवाळ्यात, बर्फाखालीच त्याचा विणीचा हंगाम असतो!

सामानाच्या यादीत गळापेक्षा कपडे वर हवेत. उणे २० अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे ३३ अंशांची थंडी जाणवते. सुती कपडे घामाने भिजतात आणि अंग गारठवतात, तेव्हा आत लोकर किंवा कृत्रिम धागा बरा. बर्फावरच्या खोपीत गॅसची शेगडी लावली, तर हवा खेळती ठेवायलाच हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि पाण्यात पडलंच कोणी तर? मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्त यांनी यासाठी १-१०-१ असं सूत्र दिलं आहे. श्वास काबूत आणायला एक मिनिट, हातपाय चालतात तोवर दहा मिनिटं, शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणजे जे करायचं ते पहिल्या दहा मिनिटांत. गळ्यात टोकदार खिळ्यांच्या दोन मुठी अडकवलेल्या असतील तर त्या बर्फात रोवून, पाय मारत, आल्या दिशेलाच बाहेर सरकायचं. बाहेर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं.

मिनेसोटात कायद्याच्या बाबी तुलनेने सोप्या आहेत. परवाना लागतो, हिवाळ्यात एकाला दोन गळ टाकता येतात, आणि बहुतेक सरोवरांत वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीअखेर संपतो. नोकरीनिमित्त मिनियापोलिसकडे गेलेल्या मराठी मंडळींना हा नाद लागलाच, तर पहिल्या खेपेला तिथल्या माहितगाराबरोबरच जावं. आणि कोणतं सरोवर, कोणती वाट, परतायची वेळ काय, हे निघण्याआधी घरी लिहून ठेवावं.