जमा कागदावर, वसूल घोड्यावर

जुन्या नाण्यांचा नाद असलेल्या कुणाकडे गेलात तर कंपनी सरकारचा एखादा रुपया हमखास पाहायला मिळतो. चांदीचा, वाटोळा, फारसी अक्षरांचा. जाणकाराकडून वाचून घेतला तर त्यावर शाह आलम बादशहाचं नाव निघतं, टांकसाळ मुर्शिदाबादची आणि जुलूसाचं, म्हणजे राज्यारोहणापासूनचं, वर्ष १९वं. प्रत्यक्षात असा रुपया कलकत्त्यातही पडत असे. १८०३पासून तर बादशहा दिल्लीत कंपनीच्या तनख्यावर जगत होता. १८०६ साली तो वारला, तरी कंपनीचे रुपये १८३५ पर्यंत मोगल बादशहाच्या नावानेच निघत राहिले, आणि या रुपयावरचं वर्ष १९च्या पुढे कधी सरकलंच नाही. एवढं असूनही नाणं खोटं नव्हतं. सराफ ते पारखून घेत होता.

औरंगजेब मेला आणि मोगलाई बुडाली, असं आपण शाळेत एका दमात शिकतो. त्याचा मृत्यू १७०७चा, शेवटच्या बादशहाची गादी गेली १८५७ला. म्हणजे मध्ये दीडशे वर्षं. अकबर गादीवर बसला १५५६ला. तिथपासून १७०७ पर्यंत मोजलं तर तीही दीडशेच भरतात. चढायला लागला तितकाच वेळ उतरायलाही लागला. तेव्हा बुडालं ते नेमकं काय आणि तरंगत राहिलं ते काय, हे पाहायचं तर लढाया बाजूला ठेवून या राज्याचा हिशेब उघडावा लागतो.

मोगल दरबारात इराणी होते, तुराणी होते, अफगाण, रजपूत, हिंदुस्थानी शेखजादे, पुढे दख्खनी आणि मराठे. भाषा वेगळ्या, धर्म आणि पंथ वेगळे, एकमेकांबद्दलची मतंही फारशी बरी नव्हती. या सगळ्यांना एका दावणीला बांधणारी गोष्ट म्हणजे एक आकडा, मनसब. अकबराने बसवलेल्या या पद्धतीत पुढे प्रत्येक सरदाराला दोन आकडे मिळू लागले. ‘जात’ हा त्याचा स्वतःचा दर्जा आणि पगार. ‘सवार’ म्हणजे त्याने किती घोडेस्वार बाळगायचे तो आकडा, आणि त्याचा पगार वेगळा. उदाहरणासाठी ५०० सवारांचा मनसबदार घेऊ. शाहजहानच्या काळात एका सवाराचा सर्वसाधारण दर होता वर्षाला ८,००० दाम. ४० दामांचा रुपया धरला तर २०० रुपये. ५०० सवारांचे झाले एक लाख.

हा लाख रुपया खजिन्यातून रोख क्वचितच मिळे. त्याऐवजी तेवढ्या उत्पन्नाचे परगणे नावावर लिहून दिले जात. ही जहागीर. जमीन मालकीची नाही, वतन नाही, फक्त सरकारचा सारा वसूल करून पगारापोटी ठेवून घेण्याचा हक्क, आणि तोही तीन-चार वर्षांत दुसरीकडे बदलून जायचा. (रजपुतांच्या वतन जहागिरींची गोष्ट वेगळी होती.) जे परगणे बादशहाच्या थेट वहिवाटीत ते खालसा. ‘संस्थान खालसा झालं’ म्हणताना आपण अजून हाच शब्द वापरतो. आणि जे कुणाला द्यायचे म्हणून राखून ठेवलेले, ते पायबाकी.

खरी गोम पुढे आहे. परगण्याचं कागदावरचं उत्पन्न ती ‘जमा’. रानातून खरोखर हाती येणारं ते ‘हासिल’. पाऊस, लढाई, उजाड गावं आणि अडून बसलेले जमीनदार यांमुळे हासिल जमेला क्वचितच गाठी. हे सरकारला ठाऊक होतं, म्हणून शाहजहानच्या काळात माहवारी, म्हणजे बारा महिन्यांपैकी किती महिन्यांचा वसूल येतो त्याचं माप, लावली गेली. जमेच्या दोन तृतीयांश वसूल येत असेल तर जहागीर ‘आठमाही’, निम्मा येत असेल तर ‘सहामाही’. दख्खनमधल्या जहागिरी कित्येकदा चारमाहीच्याही खाली जात. वसूल कमी, म्हणून अपेक्षाही कमी. मनसबदार ज्या सुभ्यात नेमलेला तिथेच त्याची जहागीर असली तर त्याने सवार आकड्याच्या एक तृतीयांश घोडेस्वार हजर करायचे. आपल्या ५००च्या मनसबदाराचे झाले १६७. खोगीरभरती होऊ नये म्हणून घोड्यांना डाग देत आणि स्वारांचं वर्णन लिहून ठेवत.

म्हणजे उत्पन्न कागदावर फुगलेलं आणि सैन्यही कागदावर फुगलेलं. लबाडीवर उभं राज्य असं म्हणावंसं वाटेल, पण मला तसं वाटत नाही. कागद आणि रान यांत किती अंतर आहे हे ज्याला परगण्यागणिक माहीत, त्याचा कारभार चालतो. तेवढं ज्ञान दिल्लीच्या दप्तरात होतं, तोवर मोगलाई भक्कम होती.

औरंगजेब शहाजादा असताना दख्खनचा सुभेदार होता. इथल्या जहागिरींतून काही भागत नाही अशी तक्रार त्याने तेव्हा बापाकडे केली होती. तोच १६८१ साली बादशहा म्हणून लवाजम्यासह दक्षिणेत उतरला आणि पुन्हा कधी दिल्ली पाहिली नाही. १६८६ला विजापूर घेतलं, १६८७ला गोवळकोंडा. १६८९ला संभाजी महाराजांना मारलं. नकाशावर बादशाही एवढी मोठी कधीच नव्हती.

नकाशा वाढला तसे हात पसरणारेही वाढले. विजापूर-गोवळकोंड्याचे सरदार आत घ्यायचे, तर त्यांना मनसब हवी. मराठे फोडायचे, तर त्यांनाही हवी. अतहर अली या इतिहासकाराने एक हजार जात आणि त्यावरच्या मनसबदारांची नावनिशीवार मोजदाद केली आहे. १६५८ ते १६७८ या काळात असे ४८६ होते, १६७९ ते १७०७ मध्ये ५७५. त्यांतले मराठे २७ वरून ९६ वर गेले. ज्यांच्याशी लढाई, त्यांच्याच नावाने मनसबी फुटत होत्या. शाहू महाराज वयाच्या सातव्या वर्षापासून मोगल छावणीत कैदेत होते, आणि त्यांच्याही नावे सात हजारी मनसब होती.

या सगळ्यांना परगणे द्यायचे कुठून? नवा जिंकलेला मुलूख होता, पण त्यातला चांगला भाग मोहिमेच्या खर्चासाठी खालशात ठेवला गेला आणि उरलेला सततच्या लढाईने नासला. एक अनार, सौ बीमार. मनसबीचं फर्मान हातात आणि जहागिरीचा पत्ता नाही, अशी माणसं वर्षानुवर्षं कचेरीत खेटे घालू लागली. त्या काळचे लोक याला ‘बेजागिरी’ म्हणत, आणि त्या काळचा इतिहासकार खाफीखान याने तिच्याबद्दल हळहळून लिहिलं आहे. ज्याला जहागीर मिळे तोही निर्धास्त नसे. उद्या बदली झाली तर? मग रयतेला तगाई, म्हणजे कर्ज, देऊन विहिरी कशाला खोदायच्या? आज निघेल ते ओरबाडा. बुऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना मोगल लष्कराबरोबर याच मुलखात फिरत होता. त्याच्या आठवणींत ही उजाडी सापडते. घोडे ठेवायला पैसा नाही, घोडे नाहीत म्हणून वसूल नाही, वसूल नाही म्हणून पैसा नाही. ब्रह्मपुरीच्या छावणीतून निघून म्हाताऱ्या बादशहाने सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले एकेक करून घेतले. कित्येक पैसे मोजून घेतले. पाठ फिरली की बरेच परत गेले.

मराठ्यांनी या यंत्रातली नेमकी कळ ओळखली होती. चौथाई म्हणजे नुसती लूट नाही. जमा कुणाच्या नावावर आहे याच्याशी भांडायचंच नाही, हासिलातला वाटा उचलायचा. खाफीखान सांगतो की मराठ्यांची तीन माणसं असत. फौजेसह सुभेदार, वसुलीला कमाविसदार, आणि रस्त्यावर जकात घेणारा राहदार. गावाच्या पाटलापुढे आता दोन वसुलदार उभे राहिले, आणि घोडा ज्याचा जवळ त्याला आधी द्यावं लागे. १७१९ साली पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्ली दरबारातल्या बलाढ्य सय्यद बंधूंपैकी हुसेन अलीबरोबर दिल्लीला गेले, तेव्हा याच व्यवहाराला बादशाही सनदेचं रूप आलं. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई म्हणजे पंचवीस टक्के, शिवाय सरदेशमुखीचे दहा. चौथाईच्या बदल्यात शाहू महाराजांनी १५ हजार स्वारांची चाकरी द्यायची. त्याच वर्षी दिल्लीत फर्रुखसियर पदच्युत झाला आणि दोन औटघटकेचे बादशहा होऊन तिसरा, मुहम्मदशाह, गादीवर टिकला.

आणखी एक खिळा निखळला तो लढाईविना, म्हणून पाठ्यपुस्तकात त्याची फारशी दखल नसते. प्रत्येक सुभ्यात दोन बडे अधिकारी असत. सुभेदार फौज पाही, दिवाण पैसा. दोघे एकमेकांच्या ताब्यात नाहीत, दोघांचे कागद वेगवेगळे दिल्लीला जात. एकाने लपवलं तर दुसरा कळवी. बंगालचा दिवाण मुर्शिदकुली खान १७१७ला सुभेदारही झाला, आणि फौज व तिजोरी एका हाती गेली. तो दिल्लीला पैसा इमानाने पाठवत राहिला, पण आता तो पाठवणं त्याच्या मर्जीवर होतं. अवधमध्ये सादतखान बसला. निजामुल्मुल्क वजिरी सोडून दक्षिणेत आला आणि १७२४ला बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याला दिल्लीच्या बाजूने लढणाऱ्या मुबारिझखानाला मारून हैदराबादचा धनी झाला. यांपैकी एकानेही बादशाही झुगारली नाही. खुतबा बादशहाच्या नावाने, नाणं बादशहाच्या नावाने. फक्त दिल्लीच्या दप्तराला आता हासिल कळेनासं झालं.

१७३९ची नादिरशहाची स्वारी फार गाजते. मयूरासन गेलं, कोहिनूर गेला, दिल्लीत कत्तल झाली. पण कर्नाळला बादशाही फौज उभी राहू शकली नाही, याची कारणं तोवर पस्तीस-चाळीस वर्षं जुनी झाली होती.

पुढची सव्वाशे वर्षं शिक्क्याची. ज्याच्या हाती घोडे आले त्याला कागद हवा होता, कारण रयत, सावकार आणि शेजारचे राजे कागद विचारत. बंगाल प्रत्यक्षात घेतलेल्या कंपनीने १७६५ साली अलाहाबादेला शाह आलमकडून बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी लिहून घेतली, वर्षाला २६ लाखांच्या बोलीवर. कागदावर कंपनी बादशहाची नोकर झाली. महादजी शिंद्यांनी १७७२ला याच शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत नेऊन बसवलं. १७८४ला त्यांनी पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवलं. रोहिला सरदार गुलाम कादिरने १७८८मध्ये लाल किल्ल्यात शिरून बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला पकडून शिक्षा केली ती शिंद्यांच्याच फौजेने. मग १७९२मध्ये महादजी वकिलीची फर्मानं आणि खिलत घेऊन पुण्यात आले आणि मोठा दरबार भरवून त्यांनी ती सवाई माधवरावांना अर्पण केली. दिल्लीचा धनी आंधळा, तनखा शिंद्यांकडून येणारा, आणि पुण्यात त्याच्या फर्मानापुढे अदबीने उभा असलेला दरबार.

१८०३मध्ये लॉर्ड लेकने शिंद्यांची फौज मोडून दिल्ली घेतली, तेव्हा बादशहाची पेन्शन देणारा हात फक्त बदलला. १८३५ला नाण्यावरचं नाव गेलं. १८५७ला मीरतहून आलेले शिपाई कुठेही जाऊ शकले असते, ते बहादूरशाह जफरकडेच गेले. मोहोर त्याच्याकडे होती. दिल्ली पडल्यावर १८५८मध्ये कंपनीने या ऐंशी ओलांडलेल्या म्हाताऱ्यावर खटला भरला. आरोप असा की इंग्रज सरकारचा पेन्शनर आणि प्रजाजन असून त्याने बंड केलं. कागद लावून पाहिले असते, तर १७६५च्या त्या दिवाणीच्या सनदेत धनी कोण आणि चाकर कोण ते लिहिलेलं होतं. खटला चालला लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासमध्ये.